काठावरची जागा

"फ्राने, अरे पोट बाहेर काढ, पोट! त्यासाठीच तर तुला पोसतोय," शिमे सुकाणूवरून ओरडला.

फ्राने पाय काठाबाहेर सोडून आणखी वाकला. पोस्टात तिकिटं विकणारा हा जाडजूड माणूस वीस वर्षं शर्यतीत एकच काम करत आला होता. वाऱ्याच्या बाजूला बसायचं आणि बोट कलू द्यायची नाही. बोट सरळ राहिली की पळते. मागच्या टोकाला मात्र सुकाणू धरणाऱ्याशिवाय कुणी फिरकायचं नाही, तिथे वजन गेलं की बोट रखडते. ती जागा पाहुण्यांची, शर्यत नसेल तेव्हाची.

हिवाळ्यापासून त्याच्या डाव्या हाताची बोटं बधिर होती. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. काठावरची जागा गेली तर तो नुसता कारकून उरला असता. पण आज मोसोर डोंगरावर ढगांची पांढरी टोपी दिसली. म्हणजे 'बुरा', डोंगरावरून झोताने कोसळणारा गार वारा, सुटणार होता आणि बधिर हाताने काठ धरवला नसता. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने कमरेचा सुरक्षा-पट्टा आकड्याने काठाच्या तारेला अडकवला. शर्यतीत असं कुणी करत नाही, बोट वळताना क्षणात दुसऱ्या काठावर जावं लागतं.

"फ्रानेकाका, चेहरा का उतरलाय? काल सार्डिन मासे जास्त झाले वाटतं," शेजारी बसलेली लुत्से म्हणाली.

"तू पुढे बघ गं."

वाऱ्याच्या झोताने समोरचं पाणी काळं पडत जवळ आलं. "वळतोय!" शिमे ओरडला. सगळे सरपटत पलीकडच्या काठावर गेले. फ्राने उठला, तर पट्ट्याने त्याला खाली ओढलं. बधिर बोटांना आकडा सुटेना. शीड पलटलं, फ्राने अडकला होता तो काठ खाली गेला आणि गार पाणी छातीवरून तोंडात शिरलं. आता मेलो, असं त्याला वाटलं. त्याच्या वजनाने बोट आणखीच कलली आणि अडली. मागच्या दोन बोटी शेजारून निघून गेल्या.

लुत्सेने घसरत येऊन आकडा सोडवला. शिमेने तो आकडा आणि फ्रानेची न वळणारी बोटं पाहिली. ओठांवर आलेली शिवी त्याने गिळली.

बोट सावरली. ओलाचिंब फ्राने शरमेने मान खाली घालून वरच्या काठाकडे सरपटू लागला.

"फ्राने, इकडे ये. माझ्याजवळ बस," शिमे म्हणाला.

"मागे? अरे, बोट रखडेल."

"रखडू दे."

फ्राने मागे जाऊन बसला. बोटीचं मागचं टोक किंचित खाली गेलं आणि त्याच्या पाठीमागे पाणी खळखळू लागलं.