खरखर काढल्यावर

रेणू देशभ्रतार यांच्या पत्राला तेजरामने उत्तर दिलं नव्हतं. पत्र २००३ सालचं. विदर्भातल्या एका मीडियम वेव्ह केंद्रावर दर बुधवारी संध्याकाळी रेणूताई बायकांचा कार्यक्रम करायच्या. पत्रात त्यांनी चारच ओळी लिहिल्या होत्या. आवाज कसा पोचतो ते तुम्ही दर आठवड्याला बारकाईने कळवता. पण मागच्या बुधवारी तुमचं नाव घेऊन आम्ही जे विचारलं, त्याचं उत्तर आलं नाही. वाट पाहतो.

तेजराम तेव्हा घाबरूनच गेला होता. काय विचारलं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात तो विजेच्या मोटारी तपासायचा. लोखंडी सळईचं एक टोक मोटारीवर, दुसरं कानाशी, आणि आतलं बेअरिंग कुठे कुरकुरतं ते नेमकं सांगायचं. घरी येऊन रेडिओही तो तसाच ऐकायचा. आवाज कधी बसला, कधी उठला, शेजारचं केंद्र कुठून घुसलं, हे सगळं वहीत टिपायचा. नमुना म्हणून थोडं टेप करायचा आणि कळवायचा. केंद्राकडून पोचपावतीचं कार्ड आलं की चार दिवस खुशीत असायचा. बोलणारी काय बोलते, हे त्याच्या कानाला कधी लागलंच नाही. आता हे कोणत्या तोंडाने लिहायचं? पत्र त्याने एका पुस्तकात ठेवलं आणि केंद्राला लिहिणंही बंद केलं.

यंदा नातीने, मोनाने, त्या जुन्या कॅसेटी तेजरामच्या मोबाईलमध्ये उतरवायला घेतल्या. दुर्गला कॉलेजला निघता निघता ती सेक्टर दहाच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत आली आणि म्हणाली, "आबा, मैंने पूरी खरखर निकाल दी. सुनो तो, ये आजी का नाम ले रही है."

तेजरामने सवयीने मान तिरकी केली. पण टिपण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गुणगुण नाही, चढउतार नाही. उरले होते नुसते शब्द, समोर बसून बोलावं तसे स्वच्छ. रेणूताई एक पत्र वाचत होत्या.

"नववीतून काढून माझं लग्न लावलं. आता मुलगा कामाला लागला. मला मॅट्रिकची परीक्षा द्यावीशी वाटते. यांना तोंडाने विचारायचा धीर होत नाही. पण हे दर बुधवारी तुमच्या कार्यक्रमाला कान लावून बसतात, आवाज कसा आला तेही तुम्हाला कळवतात. तुम्हीच विचाराल का? शेवंता, भिलाई."

मग रेणूताईंचा आवाज जरा हसरा झाला. "काय तेजरामभाऊ, बसू द्याल ना त्यांना परीक्षेला? पत्राने कळवा."

मोना बस गाठायला निघून गेली. तेजरामने पुन्हा लावलं. मग पुन्हा. त्या बुधवारची वहीतली नोंद त्याने शोधून काढली. त्याच्याच अक्षरात होतं: सहा वाजून अठरा मिनिटं, आवाज बसतो, सेटजवळ वाकून ऐकावं लागलं.

शेवंता मागच्या अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनेच वर पाहिलं, काय झालं म्हणून विचारलं.

"तू रेडिओवर चिठ्ठी धाडली होती," तो म्हणाला. "मॅट्रिकची."

तिने भाजीवर नजर वळवली. "आता कावून काढून राहिले ते? तुमी तं तवाच आयकलं होतं. मी दारात उभी होती. माहं नाव आलं अन् तुमी सेटजवळ वाकले. मंग उठून म्हनले, जेवाले वाढ."

"म्या नाही आयकलं, शेवंता. म्या खरखर आयकत होतो."

तिचे हात थांबले. ती त्याच्याकडे पाहू लागली, जणू हा माणूस आजच कुठून तरी घरात आला होता.

"म्हंजे तुमी नाही म्हटलं नव्हतं?"

"मले मालूमच नव्हतं."

"मंग बावीस वर्सं मी कोनावर रुसली होती?"

ती रुसली होती हे त्याला आत्ताच कळत होतं. सणावारी ती माहेरी एकटीच जायची, कारखान्याचं काही सांगायला लागलं की उठून आत जायची; त्याला वाटायचं, स्वभावच तसा. तो तिच्याजवळ फरशीवर बसला. परीक्षेचं आता काय, हे त्याने भीत भीत विचारलं.

"आता तुमी सोताच्या तोंडानं इचारून राहिले," ती म्हणाली. "मले सोचू द्या. पन त्या बाईले पैले कळवा. ते बी समजली असन का हा मानूस दगड हाये."

दुपारी त्याने लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. रेणूताई आता कुठे असतील, असतील की नाही, बावीस वर्षांनी असलं पत्र पाहून केंद्रातले लोक हसतील का, असं एकेक मनात येत होतं. शेवटी त्याने एवढंच लिहिलं: तुमचा प्रश्न मी आज ऐकला. तेव्हा ऐकला असता तर हो म्हटलं असतं की नाही, हे खरंच सांगता येत नाही. आज हो म्हणतो. पण आता ठरवायचं शेवंताने आहे.

शेवंताने कागद हातात घेतला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. दुसऱ्या वाक्यावर ती अडली. तेजरामला वाटलं, ही ते खोडायला लावणार.

"राहू द्या," ती म्हणाली. "खरं हाये."

पाकिटाला गोंद तिनेच लावला. संध्याकाळी दोघं पायी सेक्टरच्या बाजारापर्यंत गेली आणि तेजरामने पत्र पेटीत टाकलं.