पेरॉक्साइडचा दोरा

ही गोष्ट २०२३ सालची. मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपली आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी नागपुरातल्या हुडकेश्वरच्या रविंद्रने आपल्या क्लासची प्रवेश परीक्षा घेतली. पहिल्या येणाऱ्याला अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं मोफत. हा रविंद्र माझाच विद्यार्थी. लकडगंजच्या शाळेत मी चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यातल्या १९८९ सालच्या नववीत तो होता. आता चौकाचौकात फ्लेक्सवर असतो, हाताची घडी घालून, जणू मूलद्रव्यं यानेच शोधून काढली.

मी सूत्रं पत्त्यांवर शिकवायची. लग्नसराई संपली की मुलांनी घरच्या जुन्या पत्रिका आणायच्या आणि त्यांचे पत्ते कापायचे. संयुजा एक असली तर पत्ता एक बोट रुंद, दोन असली तर दोन बोटं. धातू वरच्या ओळीत, त्याचा जोडीदार खालच्या ओळीत. दोन्ही ओळींच्या कडा जुळल्या की सूत्र जुळलं. दोन बोटांच्या ऑक्सिजनवर एकेका बोटाचे दोन सोडिअम बसतात, म्हणून Na₂O. कोणाच्या क्लोराइडवर गणपतीची अर्धी सोंड यायची, कोणाच्यावर मामाचं नाव.

पेरॉक्साइडचा पत्ता वेगळा. एकेक बोट रुंदीचे दोन ऑक्सिजन, आणि ते एकमेकांना सुईदोऱ्याने शिवलेले. ती जोडी फोडायची नाही, एवढाच त्याचा नियम. रविंद्रने ब्लेडने दोरा कापला होता. म्हणे, एका सोडिअमखाली एक ऑक्सिजन ठेवला तरी कडा जुळतातच. कडा जुळतात, पण तो पदार्थ राहत नाही, हे मी त्याला समजावलं आणि पत्ते सुबक कापले होते म्हणून दहापैकी आठ गुण दिले. ते आठ गुण मला आजही बोचतात.

त्याच अकलेवर पुढे त्याने पुस्तिका काढली. संयुजांच्या अंकांची अदलाबदल करा, दोन्ही अंक सारखे आले की छाटा. मुलं हे टाळ्या वाजवत पाठ करतात. का छाटायचं असं विचारणारा मुलगा त्या क्लासात मंद समजला जातो.

माझ्या शेजारची माया धंतोलीच्या एका दवाखान्यात आया आहे. तिची तारा संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात पत्ते मांडून बसायची. मोफत जागा मिळाली तरच क्लास, नाहीतर नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. निकाल लागला तेव्हा ती एका गुणाने दुसरी आली. पहिला अर्णव, क्लासच्या इमारतीच्या मालकाचा मुलगा.

तारा प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका घेऊन माझ्याकडे आली. सोडिअम पेरॉक्साइडपुढे तिने Na₂O₂ लिहिलं होतं. तालिकेत होतं NaO. मी तिला विचारलं, सगळ्यांनी छाटलं, तू का नाही?

"आईच्या दवाखान्यात जखम धुवायची बाटली राहते ना, आजी," ती म्हणाली. "हायड्रोजन पेरॉक्साइडची. तिच्यावर H₂O₂ लिहून राहते. तिथं कोणी छाटत नाही, तं इथं काहून छाटाचं?"

चारशे मुलांत हे एकीला सुचलं, आणि तिचाच गुण कापला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी हुडकेश्वरला गेलो. शिवलेला पत्ता मी पर्समध्ये घेतला होता. उत्तरतालिका अंकुश नावाच्या तिथल्या शिक्षकाने केली होती. नियम सरांच्या पुस्तकातला आहे, त्यात वाद कशाचा, असं तो मलाच समजावू लागला. रविंद्रने त्याला चहा सांगायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मी पत्ता टेबलावर ठेवला. त्याने तो लगेच ओळखला. दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"पोरीचं उत्तर बरोबर आहे, बाई. मले मालूम आहे," तो म्हणाला. "पण अर्णवचे फ्लेक्स लागून गेले. आता हे चूक म्हटलं तं पुस्तकच चूक म्हणा लागते."

"तं म्हण ना गा."

"तुमचं काय जाते म्हणाले."

मग त्याने तोडगा काढला. ताराला अर्धी फी माफ, फक्त ही गोष्ट या खोलीबाहेर जायला नको. माया माझ्याकडे पाहू लागली. तिला ते हवं होतं, आणि त्यात तिचं काहीच चुकत नव्हतं. मी मध्ये पडले नाही, कारण मुलगी तिची होती.

ताराने त्याला विचारलं, "सर, मी इथं आली तं पेपरात काय लिहायचं?"

"क्लासमध्ये आमचं लिही," रविंद्र म्हणाला. "बोर्डात तुझं."

ताराने पत्ता उचलून कंपासपेटीत ठेवला. "चाल वं आई," म्हणाली. चहा येत होता, तो आम्ही घेतला नाही. निघताना मी रविंद्रला एवढंच म्हटलं, "तवा तुले समजत नव्हतं म्हणून दोरा कापला, तरी मी आठ दिले. आता समजून कापून राहिला."

अर्णव सहा महिन्यांत विज्ञान सोडून कॉमर्सला गेला. मुलगा सरळ आहे, दुकानात भेटला की वाकून नमस्कार करतो. अंकुशने समोरच्याच रस्त्यावर स्वतःचा क्लास काढला, त्याची पुस्तिका गुरूच्या पुस्तिकेहून पातळ आहे. मायाची ड्यूटी आहे तिथेच आहे. वर्षभर तिने मला त्या अर्ध्या फीची आठवण करून दिली, मग थांबली. तारा दोन वर्षं माझ्याच टेबलावर शिकली आणि आता फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. रविंद्रच्या तीन शाखा झाल्या. मागच्या शिक्षकदिनी त्याने मला शाल, नारळ आणि पुस्तिकेची नवी रंगीत आवृत्ती पाठवली. मी चष्मा लावून ते पान काढलं. NaO जागच्या जागी होतं.

दुपारी गल्लीतली तीन-चार मुलं अजून माझ्याकडे येतात. लग्नपत्रिका लोक आता मोबाइलवर पाठवतात, पत्त्यांना पुठ्ठा मिळत नाही. ताराने त्या पुस्तिकेचं कव्हर कापून दिलं. जाड, चकचकीत कागद आहे. मागच्या बाजूने रविंद्रचा चेहरा एकेका बोटाच्या चार सोडिअमवर वाटला गेला आहे.