तार घातलेलं बोट

सतीशने आणखी एक कागद टाइपरायटरमधून ओढून काढला, चुरगळला आणि खिशात घातला. खाली टाकायची सोय नव्हती. ज्याचा अर्ज होता तो हौसराव समोरच बसला होता, शिरूरच्या तहसील कचेरीबाहेर, लिंबाच्या सावलीत, वाया गेलेले कागद मोजत.

सतीशच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पांढऱ्या पट्टीत ताठ उभं होतं. ते गायीच्या दाव्यात अडकून मुरगळलं होतं. गाय मजेत होती. टायपिंगमध्ये प्रत्येक बोटाला त्याची त्याची अक्षरं नेमून दिलेली असतात. एकाच्या अक्षरांवर दुसरं बोट पाठवणं म्हणजे शेजाऱ्याचा बांध कोरणं. भांडण सुरू होतं आणि निकाल काही लागत नाही.

"तुमचं बोट बरं होईस्तवर माझी जमीन थांबंल," हौसराव उठत म्हणाला, "मी न्हाई थांबायचो."

आणि तो पलीकडच्या टायपिस्टपुढे जाऊन बसला.

रात्री गावी, न्हावऱ्याला, जेवताना सतीशने हे घरात सांगितलं. त्याची बायको तेजश्री भाकरी थापत होती. ती माहेरची दौंडची. लग्नाआधी टायपिंगच्या परीक्षा पास झालेली. पण लग्नाच्या बैठकीत सतीशच्या वडिलांनी, आण्णांनी, साऱ्या भावकीसमोर सांगितलं होतं, की आमची सून कचेरीच्या दारात बसायची नाही. तेव्हापासून पीठ मळून झालं की तिची बोटं परातीच्या काठावर वाजत राहायची, दहाही, ओळीने. सतीशला ते ऐकू यायचं. मग तो पाणी मागायचा.

आण्णांनी ताट बाजूला सारलं.

"बोट बरं होईस्तवर हिला ने," ते म्हणाले. "गिऱ्हाईक तुटाया नको. बरं झालं की हिनं घरी."

तेजश्री लिंबाखाली बसली ती पाठ ताठ ठेवून, पदर खोचून. नजर कागदावर, बोटांखालच्या अक्षरांकडे बघणं नाही. सतीश शेजारच्या स्टुलावर बसून मजकूर सांगायचा आणि मधूनमधून दम घ्यायला थांबायचा. तिची बोटं वाट पाहत अधांतरी राहायची. हौसराव परत आला. पुढचा अर्ज त्याने सतीशकडे न बघताच सांगायला घेतला. घरी परातीचा आवाज बंद झाला होता.

मग बोट बरं झालं.

न्हाणीत सतीशने पट्टी सोडली, बोट पुरतं दुमडून पाहिलं, आणि पट्टी पुन्हा बांधली. डाव्या हाताने बांधलेली गाठ एसटीत सुटायला लागली. तेजश्रीने खिडकीबाहेर बघत त्याचा हात मांडीवर ओढून घेतला, दुमडलेलं बोट सरळ केलं आणि गाठ नीट मारली.

गावात मात्र बोट वाढत चाललं होतं. स्टँडवर ते फ्रॅक्चर झालं. दूध डेअरीत तर त्यात तार घातलेली होती. ही तार कुठून आली ते सतीशला कळलं नाही. त्याने ती काढलीही नाही.

अडचण एवढीच होती, की पट्टीमुळे दोन्ही गायींच्या धारा आण्णांना काढाव्या लागत. उठताना त्यांचे गुडघे वाजत आणि ते खुंट्याला धरून उभे राहत. एका सकाळी आण्णा घास कापायला गेलेले पाहून सतीशने पट्टी खुंटीला अडकवली आणि धार काढायला बसला. बादलीत फेस चढत होता. मान वर केली तर दारात आण्णा उभे, घासाचा भारा डोक्यावर.

पाचही बोटं कामावर होती. लपवायला जागा नव्हती.

शिरूरला निघालेली तेजश्री आण्णांच्या मागे येऊन थांबली. तिने पाहिलं, आणि खांद्यावरची पिशवी हळूच उतरवून भिंतीशी ठेवली.

आण्णांनी भारा टाकला. खुंटीवरची पट्टी काढली, झटकली.

"हात आण."

"आण्णा, बोट आता..."

"तार घातलीया म्हणून समद्या डेअरीला सांगून बसलोय मी," आण्णा म्हणाले. "मला खोटं पाडतोस व्हय?"

सतीशने हात पुढे केला. आण्णा पट्टी गुंडाळत राहिले, मागे न बघता म्हणाले,

"सूनबाई, पिशवी उचल. एसटी जाईल."

आणि त्यांनी गाठ अशी आवळली, की कित्येक दिवसांनी ते बोट खरोखर ठणकलं.