दोन बोटं सैल

वोनोसोबो शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरात, बटाट्याच्या मळ्यांमधल्या एका गावात वार्सिह शिवणकाम करायची. त्याच गावातल्या बारा बायकांची नावं, त्या गरोदर असताना, सेमारांग शहरातल्या एका संशोधन संस्थेने नोंदवून घेतली होती. त्याला आता एकवीस वर्षं झाली. दर तीन वर्षांनी संस्थेचं कोणीतरी यायचं, त्यांची मापं घेऊन जायचं. यंदा कोणी आलं नाही. प्रत्येकीच्या नावाने पाकीट आलं. आत एक पातळ टेप, चित्रांचा तक्ता आणि चिठ्ठी. ठरल्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ कॉल येईल, घरातल्या कोणीतरी माप घ्यायचं, पलीकडची मुलगी बघून सांगेल. वजनकाटा पाठवणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून या खेपेला फक्त कंबर, नितंब आणि दंड.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. बारा जणींतल्या सारियेमच्या नवऱ्याने टेप बरगड्यांवर गुंडाळली, मग खाली सरकवली, मग उलटी धरली. सारियेम शेजारणींना सांगत सुटली, "बावीस वर्षं संसार केला, आणि बायकोची कंबर कुठे असते हे या माणसाला सेमारांगची पोर शिकवतेय." बायका पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी आपापली पाकिटं घेऊन वार्सिहच्या दुकानात हजर झाल्या. माप घ्यायला तिच्यासारखा हात गावात दुसरा कुणाचा होता?

पलीकडून बोलणारी लिस्त्यानी पंचविशीची, आवाजाने गोड पण शिस्तीची कडक होती. शेवटच्या बरगडीखाली पेनाने खूण करा, कमरेच्या हाडावर दुसरी करा, दोन्हींच्या बरोबर मधे टेप लावा. श्वास सहज सोडू द्या. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा. टेप काढा, पुन्हा लावा, पुन्हा वाचा. वार्सिहला मनातून हसू येत होतं. रस्त्याने चाललेल्या बाईकडे नुसतं बघून तिला झंपराला किती कापड लागेल ते सांगता यायचं. फोन शिवणयंत्राला टेकवून, पडदा ओढून तिने दोन दुपारींत बाराही जणी उरकल्या.

सगळ्यांत शेवटी न्गातिनेम आली, जाड स्वेटर घालून. तो काढल्यावर वार्सिहचा हात क्षणभर थबकला. हिचं शेवटचं झंपर तिनेच शिवलं होतं, चौऱ्याऐंशीच्या कमरेचं. आता टेप त्र्याहत्तरवर येऊन टेकली होती. टेप कुठे लावली ते लिस्त्यानीला दिसत होतं, पण आकडा दिसत नव्हता. न्गातिनेमने, फोनमध्ये दिसणार नाही अशी, हलकेच 'सांगू नको' म्हणून मान हलवली.

"ऐंशी," वार्सिह म्हणाली. दुसऱ्यांदाही ऐंशीच म्हणाली.

फोन बंद झाल्यावर न्गातिनेमने कारण सांगितलं. दोन महिन्यांवर मुलीचं लग्न होतं. ती एवढी वाळलीय हे संस्थेकडून घरात कळलं तर तिला दवाखान्यात नेऊन बसवतील आणि लग्न पुढे ढकलतील. एकदा लग्न होऊ दे, मग बघू. वार्सिहला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोण सुटलं, कोण वाळलं हे तीस वर्षांत तिच्या दुकानातून कधी बाहेर गेलं नव्हतं.

दहा दिवसांनी लिस्त्यानीचा पुन्हा फोन आला. ती रागावली नव्हती. तुमच्या गावचा प्रत्येक आकडा शून्यावर नाही तर पाचावर संपतो, ती म्हणाली, आणि पहिल्या-दुसऱ्या मापात केसाचाही फरक नाही. बाकी सगळीकडे थोडा तरी पडतोच. "बू," मोठ्या बाईला म्हणतात तसं म्हणत तिने विचारलं, "दुसऱ्यांदा टेप लावली होती ना?"

न्गातिनेमचं तेवढं सोडून वार्सिहने खरं ते सांगितलं. लावली होती, पण आकडा एकदाच पाहिला. जवळचा अर्धा सेंटिमीटर धरला. आणि टेपखाली दोन बोटं ठेवली, सवयीने. घट्ट कपडा कुणाला हवा असतो? बोलता बोलता तिचे कान तापले. आजवर तिचं माप कुणी परत पाठवलं नव्हतं.

"कपडा टोचू नये म्हणून तुम्ही सैल धरता," लिस्त्यानी म्हणाली. "मला जे आहे तेवढंच हवंय, बू. नाहीतर या खेपेला तुमचं सगळं गाव गाळावं लागेल."

अकरा जणी कुरकुरत पुन्हा आल्या. न्गातिनेम आली नाही. तेव्हा वार्सिह टेप आणि फोन घेऊन सकाळी तिच्या घरी गेली. न्गातिनेम टेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या, भज्यांचं पीठ भिजवत होती. वार्सिह बसली तेवढ्या वेळात ती तीनदा उठून पाणी प्यायली.

"तुझं दुकान म्हणून आले होते मी," न्गातिनेम म्हणाली. "दवाखाना म्हणून नाही."

"झंपर सांगशील तेवढं सैल शिवेन. हा आकडा नाही सैल सांगणार."

"तुझी मुलगी नाही ना उजवायची. तुला काय जातंय?"

चुलीवरचं तेल तापून धूर निघायला लागला, तेव्हा वार्सिहनेच उठून कढई उतरवली. न्गातिनेमने पिठाचे हात धुतले आणि स्वेटर काढला. "घे. पण माझ्या पोरीसमोर तोंड उघडलंस तर बघ."

या वेळी टेपखाली बोटं नव्हती. सत्तर पूर्णांक आठ. मग एकाहत्तर पूर्णांक एक. पलीकडे लिस्त्यानीसमोर तीन वर्षांपूर्वीचा आकडा आणि परवाचे ऐंशी असणार, कारण ती लिहिता लिहिता थांबली. तहान किती लागते, रात्री किती वेळा उठता, जखम भरायला वेळ लागतो का, असं तिने एकेक विचारलं. न्गातिनेम आधी तुटक बोलत होती, मग खरं बोलायला लागली.

"माझं काम आकडे लिहायचं, रोग सांगायचं नाही," लिस्त्यानी म्हणाली. "पण उद्याच आरोग्य केंद्रात जा. मी तिथे फोन करून ठेवते."

मधुमेह निघाला, आणि तोही बराच जुना. गोळ्या सुरू झाल्या, भात कमी झाला, साखर बंद झाली. घरात आरडाओरड झाली, पण लग्नाची तारीख कुणी हलवली नाही. मुलीची कबाया, लग्नात घालायचं ते अंगाबरोबरचं झंपर, मात्र न्गातिनेमने खालच्या शहरातल्या शिंप्याकडे टाकली. वार्सिहला ते दुसऱ्यांकडून कळलं, आणि दोन दिवस तिचं कामात लक्ष लागलं नाही.

लग्नाला ती गेली. नवरीने हात वर केला की बगलेखाली कबाया ताणत होती. तिने ते पाहिलं आणि गुपचूप जेवली. पंगत उठत आली तशी न्गातिनेम बिनसाखरेचा चहा घेऊन तिच्या शेजारी येऊन टेकली. तिचा चेहरा जरा भरला होता. कबायाचा विषय दोघींनीही काढला नाही. व्याही किती जेवतात यावरच त्या बराच वेळ बोलत बसल्या.