आखडता हात

नसीम डॉक्टरांची आठवण येते ती आधी आवाजाने. पौषातली सकाळ, उसाच्या फडांवर अजून अंथरलेलं धुकं, दूरच्या कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस वास, आणि अंथुर्ण्याच्या समाजमंदिराच्या ओट्यावर कुणा बाईचा हात दोन्ही तळव्यांत धरून बसलेल्या त्यांच्या मनगटावरच्या काचेच्या बांगड्यांची बारीक किणकिण. तपासणी सुरू करताना त्या बांगड्या कोपराकडे सारून घट्ट बसवत. मग किणकिण थांबे आणि जी स्तब्धता पसरे तिच्यात समोरची बाई स्वतःच्या दुखण्याविषयी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, सावकाश बोलू लागे. मी शेजारी फाईल मांडीवर घेऊन बसलेली असे.

त्यांच्या वडिलांचं बारामतीत बांगड्यांचं दुकान होतं. सारी पेठ त्यांना चाचा म्हणे. चाचा बांगडी भरताना बाईच्या चारही बोटांची मुळं एकत्र दाबून हात निमुळता करत आणि बांगडी इतक्या हलकेच आत सारत की तिचं लक्ष अजून रंगांच्या डब्यांकडेच असे. पण एखादीचा हात मागल्या संक्रांतीपेक्षा फुगलेला निघे, नेहमीचं माप चढत नसे, दाबताना ती ओठ चावे. मग चाचा मोठ्या मापाचा डबा काढत. बाकड्यावर अभ्यास करत बसलेली नसीम हे बघत असे. पुढे त्या हसून सांगत, की बोटांची मुळं दाबून सांध्यांची सूज ओळखायची पुस्तकातली तपासणी त्यांना कॉलेजात शिकावी लागलीच नाही. परदेशातून आलेलं बोलावणं नाकारून त्या बारामतीला परतल्या तेव्हा पेठेतल्या शहाण्यासुरत्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी मात्र उभा जन्म एकाच प्रश्नामागे घातला. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो हा संधिवात लवकर ओळखला, तर एका जुन्या, स्वस्त गोळीने माणसाची बोटं सरळ राहतात का, हा तो प्रश्न.

त्यासाठी गावोगाव बायकांचे कागद भरायचे होते. मी बारावी झालेली, अक्षर बरं, म्हणून मला घेतलं. नियम एकच होता: बाई जे म्हणेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. पहिला प्रश्न त्यांनी स्वतः घडवला होता, आणि तो त्यांना सोपा वाटला होता. ‘सकाळी उठल्यावर हात आखडतात का?’ हा एक प्रश्न पुढच्या सगळ्या प्रश्नांचं दार होता. होय म्हटलं तर रक्ताची तपासणी, नाही म्हटलं तर कागद बंद. सांगवी, लोणी भापकर, अंथुर्णे, सगळीकडून नाही, नाही, नाही असेच कागद येत राहिले. नसीम मॅडम रात्रंदिवस त्याच विचारात असत, की आपल्याकडच्या मातीत असं काय आहे जे या बायकांना राखतं.

माझ्या आईचा कागद मीच भरला. ती अंगणात शेंगा फोडत होती. प्रश्न ऐकून तिचा चेहरा उतरला.

“माझा हात कवाच आखडता न्हवता,” ती म्हणाली. “दारी आलेल्याला कधी रिकामं धाडलं न्हाय म्या. कुनालाबी इचार.”

मी ‘नाही’ लिहिलं. नियम तसाच होता, असं मी त्यानंतर हजार वेळा स्वतःला सांगितलं आहे. पण पहाटे चूल पेटली की पिठाला हात लावण्याआधी आई पातेल्यातल्या कोमट पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून किती वेळ बसते, हे मी रोज अंथरुणातून बघत होते. तिला आखडता हात म्हणजे कंजूषपणा वाटला, हेही मला त्याच क्षणी कळलं होतं. खरं सांगायचं तर खुरपणीचे दिवस होते. आईला बारामतीला नेलं तर रानातलं आणि घरातलं सगळं माझ्या अंगावर पडलं असतं. शब्दाच्या आड लपायला मला बरं पडलं.

मधे उसाचे दोन हंगाम गेले. एका सकाळी सांगवीत मॅडमनी स्वतः तोच प्रश्न एका आजींना विचारला आणि आजी चिडल्या. हात आखडता म्हणणारी तू कोण, या घरात पाहुण्याला कधी तूप कमी वाढलं नाही, असं त्यांनी सुनावलं. मॅडम खळखळून हसल्या. हसता हसताच थांबल्या. इतक्या गावांतल्या इतक्या बायकांनी आजाराचं उत्तर दिलंच नव्हतं. आपल्यावर घेतलेला आळ तेवढा नाकारला होता. त्या दिवशी चहा आला, तो त्यांच्यापुढे तसाच निवला.

दुसऱ्या दिवसापासून सगळे कागद नव्याने भरायला घेतले. मिनिटं विचारून उपयोग नव्हता, कारण पहाटेच्या घाईत घड्याळाकडे बघतं कोण. चुलीपुढे बसून बायकांच्या बोलण्यातूनच मॅडमना नवा प्रश्न सापडला: कितव्या भाकरीला हात मोकळा होतो? आणि बायका बोलू लागल्या. तिसरीला, पाचवीला, कुणी म्हणे आता सूनच थापते, मला परातीला हात लावता येत नाही. मॅडमच्या वहीत भाकऱ्यांचे आकडे मोठ्या गांभीर्याने चढू लागले, आणि पुण्याला डॉक्टरांच्या सभेत म्हणे त्यावरून कुणी हसलं तेव्हा त्यांनी त्याला जेवायला घरी बोलावून भाकरी थापायला बसवलं.

आई म्हणाली, अकराव्या भाकरीला.

मॅडमनी बांगड्या कोपराकडे सारल्या, आईचा हात घेतला, बोटांची मुळं हलकेच दाबली. आईने ओठ चावला. चारही बोटं करंगळीकडे कलली होती, आणि कललेली बोटं कोणतीही गोळी सरळ करत नाही, एवढं तोवर मलाही ठाऊक झालं होतं.

“मावशी, चूक माझी आहे,” मॅडम म्हणाल्या. “मी प्रश्नच वाकडा विचारला.”

“तुजी कशापायी, बाय? तू तर लांबची. आमालाच सांगाय आलं न्हाय.”

मी दोघींपासून हातभर अंतरावर उभी होते. दोघी ती चूक आपापल्या अंगावर ओढून घेत होत्या आणि जिची ती होती ती फाईल छातीशी धरून गप्प होती. आत काही हललं नाही, लाजही वाटली नाही. फक्त हाताला मुंग्या आल्यावर तो आपला वाटेनासा होतो, तशी मी मला वाटेनाशी झाले.

गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची; चुकून रोज घेतली तर जिवावर बेतायचं. म्हणून मॅडमनी ज्या गावचा जो बाजाराचा वार, तोच त्याचा गोळीचा वार ठरवून दिला. आई ती गोळी बाजाराच्या पिशवीतच ठेवी. वर्षभरात अकराच्या दोन भाकऱ्या झाल्या, पाण्याचं पातेलं चुलीवरून उतरलं, पण काचेची बांगडी त्या हातात पुन्हा चढली नाही. चाचांनी सगळी मापं काढून पाहिली, मग डबे एकेक करून मिटले. आई शेवटपर्यंत मॅडमचं नाव देवासारखं घेत गेली. मॅडमबरोबर मी त्यानंतर कितीतरी वर्षं हिंडले, आणि प्रत्येक परतीच्या वाटेवर, कालव्याच्या पाण्यावर उतरतं ऊन बघत, आज सांगू असं ठरवून काही बोलले नाही. त्या माझ्याशी फार चांगल्या वागत. त्याचंच ओझं होई.

मागच्या कार्तिकात त्या गेल्या. निरोप आला तेव्हा मी पीठ चाळत होते. फोन ठेवला आणि उरलेलं पीठ चाळून घेतलं. रडू आलं नाही, अजून आलेलं नाही.

माघात माझे हात धरू लागले. बारामतीच्या दवाखान्यात मॅडमच्याच हाताखाली शिकलेला एक तरुण डॉक्टर समोर बसला. छापील कागद नवा होता, कुठल्या तरी कचेरीत तयार झालेला. भाकऱ्या त्यात कुठेच नव्हत्या. त्याने पहिला प्रश्न वाचला: ‘सकाळी उठल्यावर हात आखडतात का?’

तेच शब्द. सवयीने जिभेवर ‘नाही’ आलं होतं. त्याचं पेन त्या चौकटीवर टेकलेलं मला दिसत होतं.

“व्हय,” मी म्हणाले. “सातव्या भाकरीपातूर. आन् माज्या आईचं व्हतं अकरा. तवा मला ठावं व्हतं, तरी म्या ‘न्हाय’ लिवलं.”

त्याने मान वर केली. माझा हात हातात घेतला आणि बोटांची मुळं दाबली, अगदी तशीच, त्यांच्यासारखी. दुखलं, आणि दुखतंय हे कळून मला जरा बरं वाटलं. मग त्याने विचारलं, म्हणजे साधारण किती मिनिटं? मला सांगता आलं नाही. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने राखलेलं उत्तर आपल्यापाशी उरतं, आणि ते मोजायचं माप तेवढं तो बरोबर घेऊन जातो.