भंडारा कुणी उचलायचा

कोल्हापूरच्या आसपास मताचा भरवसा नुसत्या तोंडी चालत नाही. उमेदवार ताटात देवाचा भंडारा घेऊन दारात येतो, मतदारानं चिमूटभर हळद उचलून शपथ घ्यायची, की मत पक्कं.

सरपंचपदाला उभे राहिलेले अप्पा असंच ताट घेऊन आक्काताईच्या दारात आले. येताना जीव मुठीत धरून आले, कारण दारासमोर गटारीसाठी खणलेला चर कित्येक महिने उघडाच होता आणि त्यावर एक हलती फळी. आक्काताईची सून मनाली दिवस भरत आलेली. तिला या फळीवरून दवाखान्यात न्यायचं कसं, हीच आक्काताईची काळजी.

"उचला आक्काताई," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आमच्या सासऱ्यांनी छप्पन सालीच देव सोडल्यात. ह्यो भंडारा मला काय बांधणार?"

अप्पा ओशाळले. जन्म या गावात गेला, आणि बौद्धांच्या गल्लीत भंडारा घेऊन आले. आक्काताईचा भाचा संघर्ष शेजारीच उभा होता, समोरच्या पॅनेलचा कार्यकर्ता. तो हसला.

"ऐकलं न्हवं अप्पा? आत्तीचं मत विचाराला हाय."

"तू गप रं. तुझा विचार मनालीला पलीकडं नेतोय व्हय? किती येळा सांगितलं चराचं, तू पत्रकं आणून दिलीस." मग ती अप्पांकडं वळली. "तुमचा देव तुमास्नी बांधतोय न्हवं? मग तुमीच उचला. आयतवारच्या आत चर बुजवतो म्हणा."

एव्हाना सगळी गल्ली गोळा झाली होती. अप्पांचा हात ताटावरच थबकला. माणसांना थापा मारण्यात त्यांची हयात गेली होती, पण देवाला थाप मारायची छाती नव्हती. शेवटी त्यांनी चिमूट उचलली.

शनिवारी स्वतःच्या खिशातून पाइप टाकून त्यांनी चर बुजवला. पुढच्याच आठवड्यात मनालीला कळा लागल्या, तेव्हा रिक्षा थेट उंबऱ्याला लागली. नात झाली.

मतदान करून आक्काताई बाहेर आली, तर संघर्ष तोंड पाडून उभा.

"आत्ती, भंडाऱ्याला मत दिलंस. बाबासाहेबांस्नी काय वाटलं असतं?"

आक्काताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबासाहेब तळ्यावर कशाला गेलते रं? पत्रकं वाटायला? पाण्यासाठी गेलते की." पलीकडं उभ्या असलेल्या अप्पांनाही ऐकू जाईल असा तिनं आवाज चढवला. "आणि त्या अप्पाला बी सांग. गटार तुंबली, की पुढचं मत दुसऱ्याला. शपथ त्यानं घेतलीया, म्या न्हाय."