इस्त्री मिळेल का?

मला सगळे कात्री म्हणतात. कपडे शिवते म्हणून की जिभेमुळे, ते मी कधी विचारलं नाही.

आमच्या वस्तीत बायकोला मारणं हा घरातला मामला समजला जायचा. त्यात नाक खुपसायचं ठरवलं ते मोठ्या बाईंनी. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा कडेने चालायची. त्यांनी आम्हा पाचजणींना गोळा केलं आणि परवलीचे शब्द ठरवून दिले. मार खाणाऱ्या बाईने आमच्यापैकी कुणालाही 'इस्त्री मिळेल का?' एवढंच विचारायचं. मग का, कशासाठी, कुणाचं घर, असलं काही न विचारता आम्ही तिला बाहेर काढायचं. पुरुष आम्हाला इस्त्रीवाल्या म्हणून हिणवायचे. हिणवेनात का. ड्रायव्हरची बायको आम्ही सोडवली, खाटकाची सोडवली, आणि खाटकाच्या हातात तर सुरा होता.

एका दुपारी बाईंच्या घरी शेजारच्या वस्तीतल्या बायका आमचं काम समजून घ्यायला आल्या. बाई रंगात येऊन सांगत होत्या. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. एवढ्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घातला होता. ट्रे ठेवून ती सासूसमोर उभी राहिली.

"आई, इस्त्री मिळेल का?"

बाई अडखळल्यासुद्धा नाहीत. "कपाटात आहे, घे," म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळून हसल्या. नवऱ्याचा शर्ट राहिला असेल, वेंधळी आहे हो आमची. पाहुण्याही हसल्या. आमच्यातल्या बाकीच्या चौघी आपापल्या कपात बघत बसल्या. माझं डोकंच फिरलं. मी उठून पोरीचा दंड धरला, तशी ती कळवळली.

"कात्री, खाली बस. हे घरातलं आहे," बाई म्हणाल्या.

"कुणाचं घर ते विचारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना, बाई?" मी म्हणाले आणि तिला घेऊन बाहेर पडले.

माझ्या खोलीवर तिने बाही वर केली. बघवेना. तिने याआधीही स्वयंपाकघरात सासूला हेच विचारलं होतं. दर वेळी बाईंनी खरोखरची इस्त्री काढून तिच्या हातात दिली होती, वर वायर सैल आहे, जपून वापर, असंही बजावलं होतं. आईंच्या लक्षात आलं नसेल, असं पोरीला अजून वाटत होतं. शब्द त्यांनीच ठरवलेत गं, मी म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून जीभ चावली.

संध्याकाळी दार वाजलं. दारात बाई आणि त्या चौघी. पोरीचा नवरा आला नव्हता, त्याची गरजही नव्हती. एकीने दार लावता येऊ नये म्हणून उंबऱ्यात पाय रोवला. दोघींनी मला शिलाई मशीनपाशी दाबून धरलं, खाटकाला धरलं होतं तसंच. चौथीने पोरीच्या चपला शोधून तिच्या पायांपाशी ठेवल्या.

"चल बाळा. घाबरू नकोस, आम्ही आहोत ना," बाई म्हणाल्या. प्रत्येक बाईला सोडवताना त्या हेच म्हणायच्या, इतक्याच मायेने.

मी घसा फुटेस्तोवर ओरडले. गल्लीत माणसं जमली होती. इस्त्रीवाल्या आणखी एकीला सोडवून नेताहेत असं समजून सगळे बाजूला सरकले. "सुटलीस गं बाई," असं म्हणून एका म्हातारीने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.